जमिनीच्या दानातून उभे राहिलेले विद्यापीठ

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि गुलामगिरीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोहोचला. ज्या संस्थेने त्याला पदवी दिली, तिच्याकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात, एम्स ह्या गावी, ते विद्यापीठ आजही उभे आहे.

त्याचा पाया एका कायद्यात आहे. व्हरमाँटचा जस्टिन मॉरिल हा लोहाराचा मुलगा. पंधराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. त्या काळची अमेरिकन महाविद्यालये प्रामुख्याने धर्मोपदेशक, वकील आणि वैद्य घडवीत (आम्हा धर्मगुरूंनी त्याबद्दल तक्रार करू नये!). शेतकऱ्याच्या मुलासाठी तेथे फारसे काही नव्हते. काँग्रेसमध्ये निवडून गेल्यावर मॉरिलने ह्यासाठी विधेयक मांडले. १८५९ साली राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नाकारले. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी त्यावर सही केली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील प्रत्येक सदस्यामागे त्याच्या राज्याला ३०,००० एकर सरकारी जमीन मिळणार होती. तिच्या उत्पन्नाचा निधी गुंतवून त्याच्या व्याजावर शेती व यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय चालवावयाचे होते.

ही अट सर्वांत आधी स्वीकारली ती आयोवाने, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. १८६९ साली वर्ग सुरू झाले. १८७२ च्या पहिल्या तुकडीतील सव्वीस पदवीधरांत दोन स्त्रिया होत्या.

कार्व्हर तेथे १८९१ साली आला, तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून. आरंभी त्याला गोऱ्या विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसू दिले नाही. तरीही १८९४ साली तो पदवीधर झाला, तेथेच शिकवू लागला आणि १८९६ साली उच्च पदवी घेऊन टस्कीगीला गेला. दार उघडे असले तरी उंबरठा उंच होता, असेच म्हणावे लागेल.

ह्या विद्यापीठाचा स्वभाव मला सर्वांत जास्त दिसतो तो १९०४ सालच्या एका आगगाडीत. पेरी होल्डन नावाचे प्राध्यापक बियाण्याचा मका घेऊन गावोगाव निघाले. लोकांनी त्या गाडीला चक्क ‘सुवार्तेची गाडी’ म्हटले! स्टेशनावर गाडी थांबे, शेतकरी डब्यात शिरत, व्याख्यान होई, गाडी पुढे जाई. सांगणे साधे होते : दिसायला देखणे कणीस बियाण्याला चांगले असेलच असे नाही. प्रत्येक कणसाचे पाच-सहा दाणे काढा, ओलाव्यात ठेवा, मोड येतात का पाहा. न आल्यास ते कणीस बियाण्यातून बाद करा. हंगाम वाया जाण्यापूर्वीच घरच्या घरी निवाडा होई. १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्याने असे विस्तारकार्य देशभर रुजविले. ज्ञान विद्यार्थ्याची वाट पाहत बसले नाही; ते त्याच्या बांधावर गेले. पुढे ह्याच आवारात, १९३९ ते १९४२ ह्या काळात, अ‍ॅटॅनासॉफ आणि बेरी यांनी इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला.

परंतु ही जमीन कोणाची होती? आपल्याकडे भूदान म्हटले की विनोबा आठवतात. तेथे देणारा आपली जमीन देत असे. वॉशिंग्टनने वाटलेली जमीन मूळ रहिवाशांची होती, तहांनी, दडपणाने आणि कवडीमोलाने घेतलेली. देशभरात अशी सुमारे एक कोटी एकर जमीन महाविद्यालयांच्या नावे झाली. २०२० साली पत्रकारांनी तिचे तुकडे नकाशावर एकेक करून दाखविले, तेव्हा ती सुमारे अडीचशे जमातींकडून आल्याचे उघड झाले. त्यानंतर अनेक विद्यापीठांना आपल्या जन्मकथेत एक प्रकरण वाढवावे लागले.

आयोवातून हुसकावलेल्या मेस्क्वाकी लोकांची काही कुटुंबे मात्र परतली. १८५७ साली, महाविद्यालयाला राज्याची सनद मिळण्याच्या आदल्या वर्षी, त्यांनी टामाजवळ ऐंशी एकर जमीन हजार डॉलर रोख मोजून विकत घेतली. जी भूमी कधी काळी त्यांचीच होती, तिच्यातील ते ऐंशी एकर. आज त्यांच्याकडे आठ हजारांहून अधिक एकर आहेत, आणि एम्सहून मोटारीने तेथे पोहोचायला तास-सव्वा तास पुरतो.