खुब्याचं माप कुणाचं?

खुब्याचा कृत्रिम सांधा घडवताना कुणाच्या हाडाचं माप धरायचं? सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा टोचला नाही, आणि त्याचं श्रेय सिमेंटला.

1962 साली जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी दांडा, त्याच्या टोकाला जेमतेम 22 मिलिमीटरचा गोळा, आणि कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी. दांडा आणि हाड यांच्यातली फट अ‍ॅक्रिलिक सिमेंटने भरायची. हे सिमेंट डिंकासारखं चिकटवत नाही. गवंडी दगडांच्या सांध्यांत चुना भरतो, तसं जागा भरतं. त्यामुळे हाड थोडं वेगळं असलं तरी निभावून जाई.

पुढे सिमेंटशिवाय बसणारे दांडे आले. आता धातू थेट हाडाला घट्ट टेकायला हवा, तरच हाड त्याला धरतं. झाकलेला प्रश्न उघडा पडला. 1988 मध्ये अमेरिकेत फिलिप नोबल आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या 200 हाडांची मापं प्रसिद्ध केली. कुणाची पोकळी झपाट्याने निमुळती होणारी, कुणाची नळकांड्यासारखी सरळ. म्हणून ‘भारतीय हाड’, ‘युरोपीय हाड’ असं सरसकट बोललेलं मला पटत नाही.

तरी समूहांमध्ये फरक असतातच. ते येतात कुठून? जपान बघा. तिथे खुबा बदलून घेणाऱ्यांत उथळ वाटीच्या स्त्रिया फार. त्यांना लहान वाट्या, बारीक दांडे लागले. हे सगळं रक्तातूनच आलेलं होतं का? तान्ह्या बाळाचे पाय सरळ करून बांधले, तर गोळा वाटीत नीट बसत नाही आणि वाटी खोल होत नाही. 1970च्या दशकात जपानी डॉक्टरांनी बाळाचे पाय दुमडलेले, मोकळे ठेवण्याची मोहीम चालवली, आणि खुबा निखळलेली बाळं खूप कमी झाली. म्हणजे ‘जपानी हाडा’चा काही भाग लंगोटाने घडवला होता! आपल्याकडे मूल पाय फाकवून कडेवर घेतात. खुब्याला ते मानवतं.

भारतातली अडचण निराळी. रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा मृत झालेले बरेच रुग्ण इथे तरुण असतात. त्यांना मांडी घालून जेवायचं असतं, उकिडवं बसायचं असतं. इतकं वाकताना लहान गोळा निसटण्याची भीती जास्त, म्हणून मोठा हवा. पण हाडातली जागा लहान असेल, तर मोठ्या गोळ्यापुढे प्लास्टिक पातळ करावं लागतं. शस्त्रक्रियेआधी सर्जन एक्स-रेवर मापांचे साचे एकामागून एक ठेवून बघतात, ते यासाठीच.