अल्फा रोमिओ १५६ : चार दारांची स्पोर्ट्स कार

कुटुंबासाठीची मोटार वेगळी आणि स्पोर्ट्स कार वेगळी, असा भेद मोटार उद्योगात सर्वसाधारणपणे केला जातो. मिलानमध्ये १९१० साली स्थापन झालेल्या अल्फा रोमिओने हा भेद फारसा मानला नाही. या परंपरेचे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे १९९७ मध्ये सादर झालेली १५६ ही सेडान.

ही मोटार आली तेव्हा कंपनीची प्रतिष्ठा पणाला लागली होती. १९८६ मध्ये सरकारी मालकीची अल्फा रोमिओ फिआटच्या ताब्यात गेली. मागील चाकांना गती देणाऱ्या ‘७५’ची जागा १९९२ मध्ये पुढील चाकांवर चालणाऱ्या ‘१५५’ने घेतली. फिआट टिपोच्या सांगाड्यावर बेतलेल्या या मोटारीत अल्फाचे वेगळेपण उरले नाही, अशी टीका झाली. त्या टीकेला १५६ हे उत्तर होते.

दडवलेली दारे

वॉल्टर डी सिल्वा यांच्या नेतृत्वाखाली १५६ चे आरेखन झाले. अल्फाची त्रिकोणी जाळी थेट बंपरमध्ये उतरवण्यात आली आणि तिला जागा देण्यासाठी नंबरप्लेट एका बाजूला सरकली. मागील दारांच्या मुठी खिडकीच्या चौकटीत लपवल्याने ही चार दारांची सेडान प्रथमदर्शनी दोन दारांची कूपे भासते. ही क्लृप्ती पुढे अनेक कंपन्यांनी उचलली. १९९८ चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा किताब १५६ ला मिळाला. अल्फाच्या मोटारीला तो प्रथमच लाभला होता.

इंजिन आणि चाल

प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेली ‘ट्विन स्पार्क’ पेट्रोल इंजिने हे या मोटारीचे वैशिष्ट्य. दोन लिटरचे इंजिन सुरुवातीस १५५ अश्वशक्तीचे होते. त्यावरील अडीच लिटरचे १९० अश्वशक्तीचे व्ही-६ इंजिन ज्युसेप्पे बुसो यांच्या मूळ रचनेतून विकसित झाले होते आणि त्याचा आवाज आजही शौकिनांना मोहवतो. कॉमन रेल डिझेल इंजिन प्रथम बाजारात आणणारी प्रवासी मोटारही १५६ च. याच तंत्रावरील फिआटचे १.३ लिटरचे इंजिन पुढे पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होऊ लागले.

पुढील चाकांना गती देणाऱ्या मोटारी वळणावर बोजड वाटतात, हा आक्षेप दूर करण्यासाठी पुढे डबल विशबोन सस्पेन्शन बसवण्यात आले. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सव्वादोन फेरे फिरते. त्यामुळे मनगटाच्या किंचित हालचालीलाही मोटार तत्परतेने दाद देते. मात्र वळून मागे फिरण्यास तिला बरीच जागा लागते.

२००२ मध्ये बाजारात आलेल्या ‘जीटीए’ आवृत्तीत ३.२ लिटरचे २५० अश्वशक्तीचे इंजिन होते. एवढी ताकद पुढील दोनच चाकांवर आल्याने जोरात वेग घेताना स्टीअरिंग हातात ओढ घेते, अशी तक्रार समीक्षकांनी नोंदवली. शर्यतींत मात्र १५६ ने दबदबा निर्माण केला. युरोपीय टूरिंग कार स्पर्धांचे विजेतेपद फाब्रिझिओ जोव्हानार्दी यांनी २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षे, तर गाब्रिएले तार्क्विनी यांनी २००३ मध्ये याच मोटारीतून पटकावले.

सौंदर्याची किंमत

ट्विन स्पार्कचा टायमिंग बेल्ट सुरुवातीला सांगितलेल्या मुदतीच्या बराच आधी बदलणे इष्ट ठरते. तो तुटल्यास इंजिनाचे मोठे नुकसान होते. पुढील सस्पेन्शनचे भागही लवकर झिजून कुरकुरू लागतात. जुनी १५६ घेणाऱ्याने रंगरूपाआधी देखभालीची कागदपत्रे पाहावीत, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

२००५ मध्ये ‘१५९’ ही वारसदार आली, तोपर्यंत साडेसहा लाखांहून अधिक १५६ तयार झाल्या होत्या. १५९ दणकट होती. पण वजनाने जड असल्याने तिच्यात ती चपळाई नव्हती. मागील चाकांवर चालणारी सेडान अल्फाने २०१५ मध्ये ‘जुलिया’च्या रूपाने पुन्हा आणली. अल्फाची ओळख केवळ यंत्ररचनेवर अवलंबून नसते, हे मात्र १५६ ने त्याआधीच दाखवून दिले होते.