गाडीतली बंदूक कुणाची?

पोलीस ठाण्यांच्या आणि कोर्टाच्या बोलीत आकडे हीच नावे असतात. वाशीम, रिसोड, कारंजा, कुठल्याही ठाण्यात ‘तीन-पंचवीस’ म्हटले की ठाणे अंमलदाराला पुढचे सांगावे लागत नाही: विनापरवाना अग्निशस्त्र मिळाले आहे. ‘चार-पंचवीस’ म्हटले की तलवार किंवा खंजीर. शस्त्र अधिनियम, १९५९ याची ही कलमे. बोलीभाषेत ‘आर्म ॲक्ट’. या पुस्तकाचा विषय त्या कायद्याचा एक छोटासा तुकडा आहे. खासगी वाहनात परवान्याशिवाय बंदूक सापडली तर काय होते, का होते आणि ते तसे व्हावे का, एवढाच. तुकडा छोटा असला तरी फौजदारी कायद्यातले बहुतेक अवघड प्रश्न त्यात येऊन बसले आहेत. म्हणूनच नव्याने वकिली सुरू करणाऱ्यांना, पोलीस भरतीतून नुकतेच ठाण्यात आलेल्यांना आणि निव्वळ कुतूहलापोटी हे पान उघडणाऱ्यांनाही मी याच दारातून आत बोलावतो आहे.

आत आल्यावर पहिली गाठ पडते ती ‘ताबा’ या शब्दाशी. कलम ३ म्हणते की परवान्याशिवाय कुणी अग्निशस्त्र वा दारूगोळा मिळवू नये, ताब्यात ठेवू नये किंवा बाळगून नेऊ नये. कमरेला पिस्तूल खोचलेल्या माणसाच्या बाबतीत यात काही कोडे नाही. आता अकोला-वाशीम रस्त्यावरची रात्रीची नाकाबंदी डोळ्यांसमोर आणा. बोलेरोत चौघे आहेत. चालवणारा एक, गाडी दुसऱ्याच्या नावावर, मागे बसलेला तिसरा पातूरला हात दाखवून चढलेला, आणि सीटखाली फडक्यात गुंडाळलेला गावठी कट्टा. उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘साहेब, गाडी माही हाय, पन हे सामान कोनाचं हाय ते मले मालूम नाई.’ हे खोटेही असू शकते आणि अगदी खरेही. कायद्याला या दोन्ही शक्यता धरून चालावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात दोन गोष्टी एकत्र बांधल्या. ताबा म्हणजे हातात असणेच नव्हे. वस्तू दुसऱ्याजवळ असली तरी तिच्यावर आपली सत्ता चालत असेल तर तो ताबाच. पण त्या ताब्यामागे जाणीव हवी. वस्तू आहे हे ज्याला ठाऊकच नाही त्याचा ताबा कसला? पुढे १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या संदर्भातही ‘जाणीवपूर्वक ताबा’ हीच कसोटी धरली. नटाच्या नावामुळे ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले, मात्र त्यातला हा तात्त्विक भाग फारसा कुणी वाचला नाही. विद्यार्थ्यांनी तो मूळ निकालातून वाचावा. चित्रपटासारखा वेगवान नाही, पण टिकाऊ आहे.

वाहनाचा पेच खास असल्यामुळे कायद्याने त्यासाठी स्वतंत्र कलमे ठेवली आहेत. कलम २३ नुसार कायद्याचा भंग होतो आहे का किंवा होण्याची शक्यता आहे का हे पाहण्यासाठी दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारी कोणतेही वाहन थांबवून त्याची झडती घेऊ शकतो, आणि शस्त्र सापडल्यास शस्त्राबरोबर वाहनही जप्त करू शकतो. कलम ३२ प्रमाणे दोषसिद्धीनंतर न्यायालय वाहन सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकते. आणि कलम ३५, जे मला या सगळ्या कायद्यातले सर्वांत विचार करायला लावणारे कलम वाटते, ते सांगते की अनेकांच्या एकत्रित वापरातल्या जागेत किंवा वाहनात शस्त्र सापडले, तर ज्या ज्या माणसाला त्याची माहिती होती असे मानण्यास कारण आहे, तो प्रत्येकजण, उलट सिद्ध होईपर्यंत, जणू एकट्यानेच गुन्हा केला असावा तसा जबाबदार धरला जाईल.

यातले ‘मानण्यास कारण’ हे शब्द सैल वाटतात, पण खरी लढाई तिथेच असते. काळी-पिवळीत दाटीवाटीने बसलेल्या अनोळखी प्रवाशांना हे कलम सरसकट लावता येत नाही; कुणाला माहिती होती हे दाखवणारे काहीतरी हातात असावे लागते. एकाच गावच्या, रात्री एकत्र निघालेल्या चौघांच्या खासगी गाडीत मात्र ते ‘कारण’ पटकन उभे राहते. कधी कधी फार पटकन. गाडीत बसला म्हणून आरोपी, असा सरळ हिशेब तपासात होऊ लागला की कलमाचा अर्धा भाग वाचलाच गेला नाही असे समजावे.

वाहन हे घर आहे की रस्ता, यावर जगाचे एकमत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने २००७ मध्ये स्वतःच्या मोटारीत परवान्याशिवायही पिस्तूल झाकून ठेवायला मुभा दिली, आणि २०२१ पासून तिथे बहुतेक प्रौढांना सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगायलाही परवाना लागत नाही. तिथली कल्पना अशी की मोटार हा घराचाच हललेला कोपरा. डॅलस-ह्यूस्टनकडे नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना शेजाऱ्याच्या ट्रकमधली बंदूक पाहून पहिल्यांदा धक्का बसतो तो यामुळेच. आपल्याकडे घरातल्या बंदुकीलाही परवाना लागतो, त्यामुळे मोटारीसाठी वेगळी सवलत मागायला जागाच उरत नाही. उलट मोटार म्हणजे शस्त्र हलवण्याचे साधन, म्हणून कायद्याची नजर तिच्यावर अधिक कडक. तुलना करताना कोण शहाणे आणि कोण वेडे असा निवाडा देण्याची घाई करू नये. दोन्हीकडे इतिहास वेगळा आहे.

आपला इतिहास १८७८ पासून धरावा लागतो. व्हाइसरॉय लिटनच्या काळात झालेला तो शस्त्र कायदा १८५७ च्या आठवणीतून आलेला होता, आणि त्याच्या नियमांतून युरोपियनांना मोकळीक होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव होत राहिले ते या अपमानामुळे. तेव्हाचे वाशीम म्हणजे इंग्रजी कागदांतले ‘बासिम’, वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा. तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. १८७८ च्या कायद्यातले एक कलम मला नेहमी हसू आणते. गुन्ह्यातल्या शस्त्रांबरोबर ती वाहून नेणारी नौका, गाडी किंवा ओझ्याचे जनावरही जप्त करण्याची त्यात सोय होती. पोहरादेवीच्या परिसरात बसून हे वाचले की बंजाऱ्यांचे लदेणीचे बैल आणि तांडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. आजच्या कलम ३२ मधले ‘वाहन’ म्हणजे त्याच बैलाचा वंशज. जनावर गेले, बोलेरो आली. सरकारजमा होण्याचे कलम तसेच राहिले.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यानंतरच्या बदलांपैकी २०१९ चा बदल प्रत्येकाने नीट पाहावा. एका माणसाला जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे ठेवता येत, ती दोनवर आली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा, जी पूर्वी एक ते तीन वर्षे होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. प्रतिबंधित शस्त्रांसाठी सात ते चौदा वर्षे. जुने निकाल वाचताना ही तारीख विसरली तर विद्यार्थी चुकीचा आकडा पाठ करतो आणि कोर्टात तोंडघशी पडतो.

महाराष्ट्रात वाहन आणि शस्त्र म्हटले की दोन प्रकरणे पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीत एक सोडून दिलेली मारुती व्हॅन सापडली. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. व्हॅनच्या नोंदणीवरून तपास माहीमच्या एका घरापर्यंत पोहोचला आणि कटाचा धागा हाती लागला. दुसरे मे २००६ चे. दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर टाटा सुमो आणि इंडिका यांचा पाठलाग केला. सुमोत आरडीएक्स, एके-४७ रायफली आणि हजारो काडतुसे मिळाली, इंडिका तेव्हा निसटली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या खटल्यात बारा जणांना दोषी ठरवले. दोन्ही प्रकरणांत वाहनाने साक्षीदाराचे काम केले, हे लक्षात ठेवण्यासारखे. पण या विषयाचा अभ्यास अशा महाखटल्यांवर बेतू नये. तिथे कट, टाडा, संघटित गुन्हेगारीविरोधातला मोक्का असे इतके काही असते की साधा ताबा कोपऱ्यात ढकलला जातो.

खरा अभ्यास डिक्कीतल्या एका कट्ट्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टीसारख्या गावांत बनणारी गावठी पिस्तुले खाली खानदेश-वऱ्हाडात येतात, हे पोलिसांच्या कारवायांतून वर्षानुवर्षे दिसत आले आहे. (तिथल्या लोहारकाम करणाऱ्या सबंध समाजालाच गुन्हेगार ठरवण्याची सवय मात्र सोडायला हवी.) असा कट्टा गाडीत सापडला की कागदांची साखळी सुरू होते: गुप्त बातमी, स्टेशन डायरीतली नोंद, पंच, झडती, जप्ती पंचनामा, सीलबंद मुद्देमाल, शस्त्र चालू स्थितीत आहे का याचा आर्मोररचा अहवाल. मग कलम ३९. कलम ३ खालच्या गुन्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालू शकत नाही. म्हणजे फाइल ठाण्यातून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिथून कोर्टात. या साखळीतली एक कडी निसटली, पंच फितूर झाले, सील जुळले नाही, मंजुरीत विचार केल्याचे दिसले नाही, की आरोपी सुटतो. आणि गावात चर्चा अशी की ‘पैसे दिले असतील’. बहुतेकदा पैसे नसतात, कागद नसतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. रस्त्याच्या कडेला, समृद्धी महामार्गाच्या शेलू बाजारच्या बाजूला, टॉर्चच्या उजेडात मोबाइल धरून पंचनामा होतो, हे चित्र आता नवे राहणार नाही. पंचांच्या सह्यांवर उभी असलेली आपली जुनी पद्धत यामुळे कशी बदलते, यावर पुढच्या दहा वर्षांत चांगले लेखन व्हायला हवे. तरुणांनी हा विषय घ्यावा.

परवाना असलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न विसरला जातो. परवान्यावर त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. जिल्ह्यापुरता परवाना असणाऱ्याने बंदूक गाडीत टाकून अकोल्याची हद्द ओलांडली, तर तो अटींचा भंग करतो. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी शस्त्र झाकून आणि स्वतःच्या नियंत्रणात नेले पाहिजे. डॅशबोर्डवर ठेवून मिरवण्याची ती वस्तू नाही. शिवाय कलम २० असे आहे की परवाना असो वा नसो, संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्याला वाहनावर काम करणारी व्यक्तीही वॉरंटशिवाय अटक करू शकते. म्हणजे कायद्याच्या कागदावर एसटीच्या वाहकाच्या हातातही हा अधिकार आहे. किती वाहकांना तो ठाऊक असेल हे विचारून पाहायला हरकत नाही, फक्त गाडी सुटण्याच्या वेळी नको.

वाशीमसारख्या शेतीच्या जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी येऊन मिळतात. रोही आणि रानडुकरांनी सोयाबीन-तूर फस्त केल्यावर शेतकऱ्याला बंदूक आठवते, आणि कलम १३ मध्ये पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची वाट आहेही. पण बंदूक जीपमध्ये टाकून कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात शिरले, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३१ आडवे येते. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. दुसरी गोष्ट अवजारांची. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे नियमांच्या यादीत आहेत, पण घरगुती आणि शेतीच्या वापराची साधने त्यातून वगळलेली आहेत. मळ्यातून परतणाऱ्या ट्रॅक्टरमधला विळा आणि सणासुदीच्या बंदोबस्तात दुचाकीच्या हँडलला लटकवलेला कोयता यांतला फरक पात्याच्या लांबीत सापडत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश जिल्ह्यात लागू असेल तर तो फरक आणखी बारीक होतो.

सर्वांत हळवी गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. वऱ्हाडातल्या जुन्या देशमुख-पाटलांच्या वाड्यांत भिंतीवर एखादी बारा बोर असते. परवाना वडिलांच्या नावाचा. वडील जातात, तेरावे होते, आणि पुण्याहून आलेल्या मुलाच्या लक्षात येते की ही बंदूक आता कुणाचीच नाही. कलम २१ सांगते की ताबा कायदेशीर राहिला नाही तर विनाकारण उशीर न करता ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. म्हणून मुलगा ती चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतो आणि तालुक्याच्या ठाण्याकडे निघतो. त्या वीस किलोमीटरमध्ये तो काय असतो? आरोपी, की कायदा पाळणारा? आधी ठाण्याला लेखी कळवून, पोच घेऊन निघाला असेल तर उत्तर सोपे. नसेल तर नाक्यावर चादर उघडून दाखवताना त्याच्याजवळ फक्त त्याचा शब्द असतो. या पुस्तकाचे पहिले प्रकरण त्या मागच्या सीटवरून सुरू होते.