अचल विकरे : रासायनिक बंधाचा इतिहास आणि त्याचे मोल

विकर म्हणजेच एन्झाइम हा सजीव पेशीत तयार होणारा उत्प्रेरक होय. अभिक्रिया घडवून आणल्यानंतरही तो शिल्लक राहतो; परंतु द्रावणात विरघळलेले विकर परत मिळवणे जिकिरीचे असते, आणि तयार पदार्थ शुद्ध करताना बहुधा ते नष्टच करावे लागते. ते एखाद्या घन आधाराला जखडून ठेवता आले तर पुन्हापुन्हा वापरता येईल, ही कल्पना म्हणजे अचलीकरण. पाठ्यपुस्तकांत या विषयाचा इतिहास बहुधा सरळ रेषेत मांडला जातो : प्रथम अधिशोषण, मग रासायनिक बंध आणि शेवटी कारखाना. प्रत्यक्ष घटनाक्रम इतका सरळ नाही.

१९१६ मध्ये अमेरिकेत जे. एम. नेल्सन आणि एडवर्ड ग्रिफिन यांनी यीस्टपासून मिळवलेले इन्व्हर्टेज हे विकर कोळशावर अधिशोषित केले. ते पाण्यात विरघळलेले नसतानाही साखरेचे विघटन पूर्वीइतक्याच समर्थपणे करीत होते. विकराला काम करण्यासाठी द्रावणात असण्याची गरज नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष मोठा होता. तरीही पुढील तीन दशके त्याचा व्यावहारिक उपयोग फारसा कोणी केला नाही. याचे कारण त्या काळच्या ज्ञानात शोधावे लागते. विकर हा कोणत्या प्रकारचा पदार्थ आहे, हेच तेव्हा ठरलेले नव्हते. रिचर्ड विलश्टेटर यांच्यासारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ प्रथिनाला केवळ वाहक मानत आणि खरे विकर त्याहून निराळे समजत. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखवले, तरी हे मत सर्वमान्य व्हायला काही वर्षे गेली. जे नेमके काय आहे हे ठाऊक नाही, त्याला कोणत्या गटाने कशाशी जोडायचे, हा प्रश्नही विचारता येत नाही. विकरे प्रथिने आहेत आणि प्रथिनांच्या साखळीवर अमिनो, कार्बॉक्सिल, टायरोसिनचा फिनॉल असे गट असतात, हे निश्चित झाल्यावरच रासायनिक बंधाची वाट मोकळी झाली.

पहिला उपयुक्त बंध रंगद्रव्यांच्या रसायनातून आला. कापड रंगवणाऱ्या अॅझो रंगांमागची डायझो अभिक्रिया कार्ल लँडस्टायनर यांनी लहान रेणू प्रथिनांना जोडण्यासाठी आधीच वापरली होती. १९५१ मध्ये डॅन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अभिक्रियेने प्रतिजन सेल्युलोजला बांधून रक्तद्रवातील प्रतिपिंडे वेगळी केली. १९५३ मध्ये ग्रुबहोफर आणि श्लाइथ यांनी पेप्सिन, डायास्टेज, रायबोन्यूक्लिएज इत्यादी विकरे पॉलिस्टायरीनच्या रेझीनला जोडून दाखवली. विकराच्या क्रियास्थानातील गटच बंधात गुंतला तर ते निकामी होई. त्यामुळे कोणत्या गटाला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे या क्षेत्रातील कायमचे कूट ठरले.

ते सोडवण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न इस्राएलच्या रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत एफ्राइम कात्चाल्स्की यांनी केला. हेच कात्चाल्स्की-कात्झिर पुढे १९७३ ते १९७८ या काळात इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झाले. कृत्रिम पॉलिअमिनो आम्लांवर काम करताना त्यांना ट्रिप्सिन बांधण्याजोगा आधार हाती लागला. १९६० मध्ये बार-एली यांच्यासह त्यांनी ट्रिप्सिनचा स्तंभ वर्णन केला : वरून प्रथिनाचे द्रावण ओतावे आणि खालून त्याचे तुकडे, ट्रिप्सिनविरहित, गोळा करावेत. त्याहून महत्त्वाचा ठरला १९६४ चा निष्कर्ष. ऋण प्रभार असलेल्या बहुवारिकाला जोडलेल्या ट्रिप्सिनचे इष्टतम पीएच मूल्य सुमारे अडीच एककांनी अल्कधर्मी बाजूला सरकले. ऋण प्रभारित आधार हायड्रोजन आयन स्वतःभोवती ओढून घेतो, त्यामुळे विकराच्या निकटचे वातावरण बाहेरच्या द्रावणापेक्षा अधिक आम्लधर्मी असते. पेशीतील अनेक विकरे पटलांना चिकटलेली असल्याने परीक्षानळीत मोजलेले त्यांचे गुणधर्म पेशीतही तसेच असतील असे मानता येत नाही, हे यातून लक्षात आले. उपयोजनासाठी सुरू झालेल्या कामाने मूलभूत जीवरसायनाला दिलेली ही देणगी औद्योगिक फायद्याइतकीच मोलाची मानली पाहिजे.

१९६७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे आक्सेन, पोराथ आणि एर्नबाक यांनी सायनोजेन ब्रोमाइडच्या साह्याने प्रथिने शर्करा-बहुवारिकांना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अभिकर्मक अत्यंत विषारी, पण जोडणी सौम्य परिस्थितीत होई. पुढच्याच वर्षी क्वात्रेकासास, विल्चेक आणि अॅन्फिनसेन यांनी तिच्या आधारे आकर्षण-वर्णलेखनाची पद्धत मांडली. प्रथिनशुद्धीकरणाचे कित्येक टप्पे त्यामुळे एकाच स्तंभात उरकू लागले.

कारखान्यात मात्र पहिला मान या बळकट बंधाला मिळाला नाही. ओसाका येथील तानाबे सेइयाकु या कंपनीत इचिरो चिबाता यांनी अमिनोअॅसायलेज तीन प्रकारे अचल करून पाहिले : सहसंयुजी बंधाने, पॉलिअॅक्रिलअमाइडच्या जाळीत कोंडून आणि डीईएई-सेफाडेक्सवर केवळ आयनिक आकर्षणाने. त्यांनी तिसरा प्रकार निवडला. ५० अंश सेल्सियसला त्या स्तंभाची क्रियाशीलता निम्मी होण्यास सुमारे ६५ दिवस लागत. ती घटली की त्यावर विकराचे ताजे द्रावण सोडून तोच आधार पुन्हा कामाला लावता येई. १९६९ मध्ये या स्तंभावर अमिनो आम्लांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. सुटू शकणे, हाच येथे बंधाचा गुण ठरला. सहसंयुजी बंधाने जोडलेले विकर मृत झाले की आधारही बहुधा वाया जातो.

१९७१ मध्ये अमेरिकेतील हेनिकर येथे भरलेल्या पहिल्या विकर अभियांत्रिकी परिषदेत ‘अचल विकरे’ ही संज्ञा रूढ करण्याचे ठरले, तोवर हा हिशेब संशोधकांना पुरता उमगला होता.

हा हिशेब सहसंयुजी बंधाच्या बाजूने झुकला तो पेनिसिलिनच्या बाबतीत. अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन यांसारखी प्रतिजैविके ज्यापासून बनतात ते ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल रासायनिक मार्गाने मिळवायचे, तर फॉस्फरस पेंटाक्लोराइड, क्लोरीनयुक्त द्रावके आणि उणे ४० अंशांच्या आसपासचे तापमान लागे. पेनिसिलिन अॅसायलेज तेच काम पाण्यात, उबदार तापमानाला करते. पण अभिक्रियेत फेनिलअॅसिटिक आम्ल सुटत राहते, ते उदासीन करण्यासाठी सतत अल्कली घालावी लागते आणि क्षारांची तीव्रता वाढत जाते. अशा द्रावणात आयनिक आकर्षणाने धरलेले विकर सुटून जाण्याची भीती असते. म्हणून येथे कायमची जोडणीच परवडली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिल्याने पेनिसिलिन हा पुणे परिसराच्या औद्योगिक जीवनाचा भाग झाला होता. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन अॅसायलेजवर दीर्घकाळ संशोधन झाले. अशा उत्पादनात विकराचे मणी शेकडो वेळा वापरले जातात आणि प्रत्येक फेरीनंतर ते गाळून धुऊन पुढील फेरीसाठी ठेवले जातात. त्यांची क्रियाशीलता ठरावीक मर्यादेखाली गेली, की आधारासह ते टाकून दिले जातात.