यमुना, हिरा आणि तारा

बारामतीचें नांव निघालें कीं मराठी वाचकास मोरोपंत आठवतात. सोलापूरच्या राम जोश्यानें (१७६२–१८१२) लावणी बाजूस ठेविली आणि पंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपुढें नेल्या, हेंही अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु ज्या गळ्यांनीं लावणी पुढें जिवंत ठेविली, त्यांतील स्त्रियांचीं नांवें किती जण सांगूं शकतील? लावणीच्या अखेरीस शाहिराची नाममुद्रा असते. गाणारीस तेथें जागा नाहीं. म्हणूनच 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी' हें नांव आम्हांस इतिहासदृष्ट्या मोलाचें वाटतें.

यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) कोल्हाटी समाजांत जन्मल्या. हिरा व तारा या बहिणींना बरोबर घेऊन त्यांनीं ही पार्टी उभी केली. ढोलकीच्या फडांत वग असतो. संगीत बारींत मुख्य तें गाणें, नाच आणि अदा. प्रेक्षकानें फर्माईश करावी, दौलतजादा करावा, अशी तिची रीत. पुण्याहून सोलापूरकडे जातांना जेथें बारामतीची वाट फुटते, त्या चौफुल्यास अशा बाऱ्यांचीं कलाकेंद्रें आहेत.

स्त्रियांच्या नांवानें चालणारा संगीताचा ताफा ही गोष्ट पाश्चात्यांसही एके काळीं अपूर्व वाटली होती. बीट संगीताच्या भरांत, १९६३ सालीं, लिव्हरपूल येथें 'लिव्हरबर्ड्‌स' हा मुलींचा चमू निघाला. व्हॅलेरी गेल व पामेला बर्च गिटार वाजवीत, मेरी मॅक्‌ग्लोरी बेस गिटार आणि सिल्व्हिया सॉण्डर्स ड्रम. १९६४ सालीं त्या हँबुर्गच्या स्टार क्लबांत गेल्या. १९६८ सालीं चमू मोडला. मुलींनीं वाद्यें हातीं धरावीं, याचेंच तिकडे नवल होतें.

आमच्याकडे प्रश्न निराळा होता. बारींत तबला, ढोलकी, पेटी पुरुषांकडे; पण लोक येत ते गाणारीसाठीं, आणि बारी ओळखली जाई ती तिच्याच नांवानें. तरीही तिच्या घुंगरांवर बहुधा भावांचा संसार चालत असे. नांव तिचें, श्रम तिचे. मिळकतीवर हक्क मात्र अनेकांचा. ज्या समाजानें तिची लावणी डोक्यावर घेतली, त्यानेंच तिला घराच्या उंबऱ्याबाहेर ठेविलें. ही दुटप्पी वागणूक लावणीच्या कौतुकांत झांकून टाकणें आम्हांस मान्य नाहीं.

यमुनाबाईंस १९७७ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. हा गौरव यथार्थच होय. परंतु बैठकीची लावणी एकटीनें उभी राहत नाहीं. एकीचा सूर दुसरी उचलते, तेव्हां ती रंगते. पदव्या एकीच्या नांवें नोंदल्या गेल्या. हिरा व तारा राहिल्या त्या पार्टीच्या नांवापुरत्या. शाहिरांच्या मुद्रा आपण जपल्या, तशीं बाऱ्यांचीं नांवेंही जपलीं पाहिजेत. कित्येक गायिकांची इतिहासांत दुसरी नोंदच नाहीं.