देहदानाची पूर्वनोंद
मृत्यूनंतर आपला देह शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी द्यावा, अशी लेखी इच्छा हयातीतच नोंदवून ठेवणे. महाराष्ट्रात तिला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याचा आधार आहे. संमतिपत्र वैद्यकीय महाविद्यालयात भरून देतात. मात्र वेळ आल्यावर महाविद्यालयाला कळवून देह सुपूर्द करायचा असतो तो घरच्यांनीच. म्हणून कागदापेक्षा घरात झालेले बोलणे महत्त्वाचे.

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. जन्म साताऱ्याचा, शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. त्यांनी देहदानाचा संकल्प केला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. खुनाच्या प्रकरणात शवविच्छेदन अटळ असते आणि त्यानंतर देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला उपयोगी राहत नाही. संकल्प असा हुकला, पण त्यामागचा विचार कुटुंबाने सोडला नाही. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना अंत्यसंस्कार झाले, अग्नी कन्या मुक्ता यांनी दिला. रक्षा नदीत न सोडता शेतात विखुरली. कृष्णाकाठी, जिथे माहुलीच्या आणि कराडच्या संगमांना अंत्यविधीत मोठा मान, तिथे हा निर्णय धैर्याचाच म्हणावा लागेल.