अमेरिकेत ‘मॅजिक मशरूम’ कायदेशीर आहेत का?

काही राज्यांत मर्यादित सूट आहे, पण देशपातळीवर बंदीच आहे. या मशरूममधला नशा आणणारा घटक म्हणजे सायलोसायबिन. १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार तो सर्वांत कडक यादीत येतो.

ऑरेगॉन (२०२०): २१ वर्षांवरील व्यक्तीला परवानाधारक केंद्रातच, देखरेखीखाली घेता येतात. घरी नेता येत नाहीत.

कोलोरॅडो (२०२२): २१ वर्षांवरील व्यक्तीने स्वतःसाठी बाळगणं, घरी वाढवणं गुन्हा नाही. विक्रीवर मात्र बंदी.

न्यू मेक्सिको (२०२५): फक्त वैद्यकीय वापराचा कायदा मंजूर.

तिकडे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या भारतीयांनी लक्षात ठेवावं: व्हिसा केंद्रीय कायद्यानुसार मिळतो. त्यामुळे राज्यात सूट असली, तरी सेवनाची नुसती कबुलीही व्हिसा किंवा ग्रीन कार्ड अडचणीत आणू शकते.